वाफसा आणि अर्धविराम

या सदरातून आजवर आम्ही बहुधा शुद्धलेखन, म्हणी, जुनी पुस्तके आणि मुलांचे वाचन यांविषयीच लिहीत आलो. तेव्हा या महिन्यात तारा, दिवे आणि संगणकाच्या आज्ञावली यांविषयी वाचावयास मिळाले, तर वाचकांनी दचकू नये. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या मास्तराने या वयात असल्या उद्योगात का पडावे, हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला आहे. त्याचे उत्तर शोधता शोधताच हा लेख झाला.

आमचे कडोली गाव बेळगावापासून जवळच. गाव शेतकऱ्यांचे. वर्षातून एकदा येथे मराठी साहित्य संमेलन भरते आणि त्या दिवशी मांडवात बसलेला शेतकरी पाहुण्या वक्त्याचे उणे-अधिक बरोबर हेरतो. आमची शाळा सरकारी, माध्यम मराठी. मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कानडीही बोलतात आणि इंग्रजीला भितात. दरवर्षी शाळा उघडताना आम्ही पटाची वही काढतो, तेव्हा वर्ग थोडा आटलेला असतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात येतात आणि मुले घेऊन जातात. पालकांस आम्ही दोष देत नाही. "मराठीत शिकून पुढं मशिनचं काय कळणार, गुरुजी?" असे ते विचारतात. खरे सांगावयाचे तर या प्रश्नाला आमच्यापाशी पाठ केलेली उत्तरे पुष्कळ होती. पटणारे एकही नव्हते.

गेल्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो बंगळूरला नोकरीस असतो. पूर्वीचे विद्यार्थी शाल-श्रीफळ आणतात. याने पुठ्ठ्याचा एक डबा आणला. आत दोन निळ्या पट्ट्या, मूठभर रंगीत तारा, मसुराएवढे दिवे, भोकाभोकांची एक पांढरी पाटी आणि काट्याच्या चमच्यासारखी दोन दातांची एक वस्तू. "सर, मुलांना द्या. मोडलं तरी चालेल. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे," असे सांगून तो गेला. मुलांना द्यावयाचे ते आधी आपल्याला यावयास हवे, हा आमच्या धंद्याचा नियम. त्यामुळे डबा प्रथम आमच्याच गळ्यात पडला.

ही निळी पट्टी म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा फलक. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, हा एका चकतीवर मावलेला लहानसा संगणक होय. हिशेब करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याचे पाय, सारे एकाच तुकड्यात. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७४ साली असा तुकडा बाजारात आणला, आणि आज तो कपडे धुण्याच्या यंत्रात, मोटारीत आणि भिंतीवरील विजेच्या मीटरमध्येही बसला आहे. आपण त्यास पाहात नाही, इतकेच. आमच्या पट्टीचे नाव आर्डुइनो नॅनो. लांबी ४५ मिलिमीटर, रुंदी १८. काडेपेटीच्या आत सहज बसेल. तिच्यावरील तुकडा सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेतो. परंतु त्याची कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ घरांची. देवनागरीचे एक अक्षर साठविण्यास अशी तीन घरे लागतात आणि काना-मात्रा निराळे मोजले जातात. हिशेब केला तर सातशे अक्षरेही मावणार नाहीत. हा लेख त्याच्या डोक्यात राहावयाचा नाही. आज्ञावली साठविण्याची जागा मात्र वेगळी आहे, ३२ किलोबाइटची, आणि ती पुसून सुमारे दहा हजार वेळा पुन्हा लिहिता येते. हे कळल्यावर मुलांनी तिचे नाव 'निळी पाटी' ठेवले. आम्हीही येथून पुढे तेच म्हणू.

आर्डुइनो हे नाव इटलीतील इव्हरेआ गावचे. अकराव्या शतकाच्या प्रारंभी तेथला आर्डुइन हा इटलीचा राजा झाला. त्याच्या नावाचे एक मद्यगृह त्या गावात होते आणि तेथे जमणाऱ्या मंडळींनी आपल्या फलकास तेच नाव दिले. मासिमो बांझी आणि त्यांचे सहकारी यांनी हा फलक २००५ साली तयार केला. तो अभियंत्यांसाठी नव्हता. तेथील संस्थेत रचनाकला शिकणाऱ्या आणि विद्युत्शास्त्राचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावा, एवढाच हेतू होता. त्यांनी आराखडा सर्वांस खुला ठेवला. कोणीही पाहावा, कोणीही बनवावा. म्हणूनच आज तो इतक्या स्वस्तात कडोलीपर्यंत पोहोचू शकला. विद्या दिल्याने वाढते, असे आम्ही फळ्यावर नेहमी लिहितो. येथे तिची किंमतही उतरली.

आता आमच्या फजितीकडे वळू. शाळेतील जुन्या संगणकावर आर्डुइनोची मोफत मिळणारी प्रणाली आम्ही एका शनिवारी उतरवून घेतली. पाटीला तार जोडली. पाटीवरचा बारीक दिवा लागला. आम्हास वाटले, जिंकलो. परंतु संगणक काही तिला ओळखीना. एक तास गेला. दोष तारेत होता. घरातली तार आम्ही नेली होती, ती केवळ वीज पुरविणारी. निरोप नेणाऱ्या दोन बारीक तारा तिच्यात मुळी नव्हत्याच. दिवा लागतो म्हणून सर्व काही पोहोचते असे समजू नये, हा पहिला धडा. निरोप नेणारी तार आणली, तरीही ओळख पटेना. खुल्या आराखड्यावरून बनविलेल्या बहुतेक स्वस्त पाट्यांवर संगणकाशी बोलणारा दुभाषी तुकडा निराळा असतो, सी.एच. ३४० नावाचा. त्याची भाषा जुन्या संगणकास शिकवावी लागते, म्हणजे त्याचा ड्रायव्हर बसवावा लागतो. तो बसविला. आता प्रणालीत 'कॉम ३' असे दार दिसू लागले. दार दिसले, पण आत कोणी घेईना! पाटी उत्तर देत नाही, असा निरोप पुनःपुन्हा येई. तिसऱ्या संध्याकाळी माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो हसून म्हणाला, "सर, प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडा." पाटीत नव्या आज्ञा स्वीकारणारा एक छोटा द्वारपाल आधीच बसविलेला असतो, आमच्या पाटीतला द्वारपाल जुन्या पिढीचा होता आणि जुन्याच चालीने बोलत होता. त्याच्या चालीने बोलताच दार उघडले. मग मात्र आम्ही तार, ड्रायव्हर, दार, पाटीचे नाव आणि द्वारपाल अशी पाच पायऱ्यांची यादी खडूने फळ्याच्या कडेला लिहून ठेवली. ती अजून पुसलेली नाही.

सोमवारी सहावी-सातवीची मुले जमवली. आज्ञावलीचे दोन भाग असतात. पहिला 'सेटअप', तो एकदाच चालतो. शाळा भरण्यापूर्वीची झाडलोट आणि बाके लावणे म्हणा ना. दुसरा 'लूप', तो वीज असेतोवर फिरत राहतो, रहाटगाडग्यासारखा. वर गेलेले गाडगे पुन्हा खाली येते, पुन्हा भरते. मुलांना हे सांगावे लागले नाही. "सर, म्हणजे रहाट," असे तीच म्हणाली. आम्ही तेराव्या पायावरचा दिवा सेकंदभर लावण्याची आणि सेकंदभर विझविण्याची आज्ञावली लिहिली. यंत्राची वेळ हजारांश सेकंदात, म्हणून एक सेकंद म्हणजे १०००.

आज्ञावली तपासणीस टाकली आणि लाल अक्षरे उमटली. बाराव्या ओळीत चूक. साऱ्या वर्गाने बारावी ओळ वाचली. काही चूक सापडेना. लहान अक्षरे, मोठी अक्षरे, कंस, सारे ठीक. घंटा होण्याची वेळ आली, तेव्हा सहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, बाराव्या ओळीत नाही. अकराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही." खरेच नव्हता. वाक्य कोठे संपले ते यंत्रास कळले नाही. ते पुढच्या ओळीत शिरले आणि तेथे अडखळले. ते जेथे अडखळले ती जागा त्याने दाखविली. चूक मात्र आधीच्या ओळीची होती.

वाचकहो, तीस वर्षे आम्ही मुलांना अर्धविराम शिकवीत आहोत. तीस वर्षे मुले तो गाळीत आहेत आणि आम्ही त्याखाली लाल रेघ ओढीत आहोत. मुलांनी आमच्या रेघेस कधी भीक घातली नाही, कारण अर्धविराम नसला तरी आम्हाला अर्थ समजत असे. या पाटीस समजत नाही. तिच्यापाशी अदमास नाही, 'असे म्हणायचे असेल' हा उदारपणा नाही. त्या दिवसापासून निबंधाच्या वह्यांतही अर्धविराम दिसू लागले. काही तर नको तेथेही! तेही आम्ही चालवून घेतले. आणि दिवा लुकलुकू लागला तेव्हा वर्गाने जो गलका केला, तो ऐकून शेजारच्या वर्गातील बाई धावत आल्या.

ही मुलगी वर्गात फारसे न बोलणारी. घरी तीन-चार एकर जमीन. आजोबा अजून शेतात उभे असतात; ती त्यांना आज्जा म्हणते. तिच्या वडिलांनी पुढील वर्षी तिला आणि धाकट्या भावाला इंग्रजी शाळेत घालण्याचे ठरविले होते, हे आम्हास ठाऊक होते. तिने विचारले, "सर, ती दोन दातांची वस्तू कशाची?"

ती मातीची ओल मोजण्याची पट्टी होती. दोन दात मातीत रोवावयाचे. ओली माती वीज अधिक वाहू देते, कोरडी माती अडविते. पाटी त्याचा अंदाज ० ते १०२३ या आकड्यांत सांगते. ५ व्होल्टच्या दाबाचे तिने १०२४ भाग पाडलेले असतात. आमच्या पट्टीत कोरडेपणा वाढला की आकडा वाढे. शाळेच्या परसबागेत कोरड्या वाफ्यात दात रोवले तेव्हा आकडा नऊशेच्या वर गेला. पाणी ओतलेल्या वाफ्यात तो तीनशेच्या आसपास आला. मुलांना मौज वाटली. पण पुढे काय? किती आकडा झाला म्हणजे पाणी द्यावयाचे? डब्यातील इंग्रजी चिठोऱ्यावर ओले आणि कोरडे असे दोनच शब्द होते.

मुलगी म्हणाली, "मधलं काय, सर? आज्जा वाफसा म्हणतो, ते कुठं आहे यात?"

शहरात वाढलेल्या आमच्या वाचकांसाठी सांगावयास हवे. वाफसा म्हणजे माती ना चिखल, ना ढेकूळ. पाणी निथळून गेलेले, ओल राहिलेली आणि कणाकणांच्या मध्ये हवा खेळती. पेरणीस, कुळवणीस, मुळांस मानवणारी ती घडी. पाऊस पडला की शेतकरी वाफशाची वाट पाहतो. वाफसा येण्याआधी रानात शिरला तर माती पायाला आणि औताला चिकटते, वाफसा गेल्यावर शिरला तर ढेकळे निघतात. इंग्रजीत हे सांगावयास एक वाक्य लागेल. मराठीत एक शब्द आहे, आणि तो शब्द शब्दकोशापेक्षा रानात अधिक जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी ती आज्जांना घेऊन आली. म्हातारबुवांनी पाटीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि परसबागेत उकिडवे बसले. वाफ्यातील मूठभर माती घेतली, आवळली, मूठ उघडली. गोळा झाला. तो कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकला, फुटला. "हा वाफसा बघा, गुरुजी." दुसऱ्या वाफ्यातील गोळा फुटला नाही, पडल्या जागी चपटा झाला. "हा चिखल." तिसऱ्याचा गोळाच झाला नाही. आज्जा शब्द सांगत, नात आकडा लिहून घेई. पंधरा ठिकाणी असे केले. बहुतेक ठिकाणी वाफशाचा आकडा साडेचारशे ते सहाशे यांच्या दरम्यान आला. दोन ठिकाणी मात्र यंत्र आणि आज्जा यांचे भांडण झाले. यंत्र ओले म्हणे, आज्जा वाफसाही सरला म्हणत. मुले यंत्राच्या बाजूची. आज्जांनी खुरप्याने वीतभर खोल माती काढून दाखविली. वर सकाळचे पाणी पडले होते. खाली, जेथे मुळे, तेथे माती कोरडी. आमच्या पट्टीचे दात दोन बोटेच खोल गेले होते. "वरवर बघून रानाचं काय कळतंय?" आज्जा म्हणाले. मग खड्डा करून पट्टी मुळांच्या खोलीवर, पण तारा जोडलेला वरचा भाग पाण्यापासून झाकून पुरली, आणि भांडण मिटले.

मुलीने आज्ञावली लिहिली. यंत्राचे स्वतःचे शब्द इंग्रजी आहेत, हे खरे. परंतु तिला लागले ते पंधरा-वीसच. 'इफ', 'एल्स', 'डिले' अशांसारखे. बाकीची नावे आपली आपण ठेवावयाची असतात. आकडा ज्या डबीत साठवावयाचा त्या डबीला तिने नाव दिले 'वाफसा'. रोमन अक्षरांत लिहावे लागले, पण शब्द आज्जांचा. दोन तिरप्या रेघा ओढून पुढे जे लिहावे ते यंत्र वाचीत नाही. ती माणसांसाठी टीप असते आणि तिला पाटीतील जागाही लागत नाही. तेथे तिने देवनागरीत लिहिले: 'आज्जा म्हणतो सहाशेच्या वर गेलं की पाणी.' आणि संगणकाच्या पडद्यावर उमटणारा निरोपही देवनागरीतच ठेवला: 'वाफसा आहे, पाणी नको.' प्रथम पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडला. पाटी सेकंदाला ९६०० या वेगाने बोलत होती आणि संगणक निराळ्या वेगाने ऐकत होता. दोघांचा वेग एक करताच अक्षरे नीट उमटली. आमच्या शाळेत अनेक संगणक-तास झाले. पडद्यावर यंत्राने स्वतः मराठी वाक्य उमटविलेले मुलांनी त्या दिवशी प्रथम पाहिले.

पुढे दोन अडचणी आल्या, त्याही सांगतो, म्हणजे कोणी हा प्रयोग करील त्यास उपयोग होईल. तांबडा दिवा सहाशेला लागे आणि सहाशेलाच विझे. त्यामुळे आकडा सीमेवर रेंगाळला की दिवा वेड लागल्यासारखा उघडझाप करी. मुलांनी सहाशेला लावावयाचा आणि पाचशेच्या खाली आल्यावरच विझवावयाचा असे ठरविले. दोन्ही बाजूंस थोडी मोकळी पट्टी सोडली की तंटा राहात नाही. सीमाभागात राहणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. दुसरी अडचण महिन्याभराने आली. वाफ्यात वाफसा असूनही यंत्र कोरडे म्हणू लागले. पुन्हा आज्जांची मूठच कामी आली. पट्टी उपसून पाहिली तो एक दात जवळजवळ खाऊन गेलेला. ओल्या मातीत अखंड वीज वाहिली की धातू झिजतो. आता पट्टीस पाटीच्या एका पायातून, वाचन घ्यावयाच्या क्षणापुरतीच वीज देतो, तीही तासातून एकदा. हल्ली विजेचा दात मातीला उघडा न लागणाऱ्या, धारकता मोजणाऱ्या पट्ट्याही मिळतात. पुढच्या वेळी त्या घेऊ. आणि एक सूचना, पालकांस विशेषतः: दिव्याला रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडल्याखेरीज वीज देऊ नये, आम्ही पहिला दिवा असाच जाळला. शेतातील मोटर मात्र मुलांनी या पाटीला मुळीच जोडू नये. पाटीची वीज ५ व्होल्टची, मोटारीची २३० च्या पुढची. ते काम जाणत्या वायरमनचे.

मराठी मुलुखात ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाची जागा सोडून ते तेथे जाऊन राहिले. शाळेतून गळलेली मुले हाताने काम करता करता शास्त्र शिकू शकतात, ही त्यांची श्रद्धा. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने 'फॅब लॅब' नावाची कल्पना पुढे आणली, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती देणारी कार्यशाळा. त्या संस्थेबाहेर ज्या अगदी पहिल्या कार्यशाळा निघाल्या, त्यांत २००२ साली पाबळची होती. पाबळच्या मुलांना त्याआधी इंग्रजी शिकून या, असे कोणी सांगितले नाही. केंद्र सरकारनेही २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना चालविली आहे आणि निवडलेल्या शाळांना त्यासाठी २० लाखांपर्यंत साहाय्य दिले जाते. आमच्यासारख्या लहान शाळेच्या वाट्याला तूर्त तो पुठ्ठ्याचा डबा आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

मुलीचे वडील एके दिवशी शाळेत आले. आपल्या वडिलांना महिनाभर शाळेत खेटे घालताना पाहून त्यांना काळजी वाटली असावी. मुलीने त्यांना पडदा दाखविला, आज्ञावली ओळीओळीने मराठीत समजावून दिली. ते बराच वेळ उभे होते. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पोरगी इंग्रजी शाळेत टिकेल काय?"

हा प्रश्न आम्हास अवघड होता. आमच्या पटावरील एक नाव त्यात गुंतले होते. आमचे उत्तर निःस्वार्थ नव्हते, हे वाचकांपासून कशाला लपवावे? आम्ही एवढेच सांगितले की, पोरगी कोठेही टिकेल. कारण जेथे लाल अक्षर उमटते तेथेच चूक असते असे नाही, आधीची ओळ पाहावी लागते, हे तिला समजले आहे. आणि ते ती मराठीत समजली आहे. ते म्हणाले, "मग सातवीपर्यंत राहू दे की हितंच. धाकट्याचं बघू पुढं." आम्हास अर्धाच विजय मिळाला. तोही कमी नव्हे.

आता आमच्या वाचकांकडे येऊ. आपण इंदूरला असाल, बडोद्यास असाल, हैदराबादेस असाल. आपल्यापैकी अनेकांची मुले इंग्रजीत किंवा हिंदीत शिकतात. त्यांना मराठी शाळेत घाला, असा उपदेश करण्याचा आम्हास अधिकार नाही आणि तेथे तशी शाळाही आता नसेल. पण आपल्या घरी असा एखादा डबा आला, आणि हल्ली तो येतोच, तर मुलास आधी संगणकाकडे धाडू नका. यंत्राने काय करावे, कशानंतर काय, केव्हा थांबावे, हे त्याला आपल्याशी मराठीत बोलून दाखवू द्या. कागदावर मराठीत लिहू द्या. आमचा अनुभव असा की, जे मूल ते मराठीत नीट सांगू शकले नाही, त्याची आज्ञावलीही चालली नाही. आणि ज्याने नीट सांगितले, त्यास उरलेले पंधरा-वीस इंग्रजी शब्द एका दुपारी आले. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात संगणकाचे अनेक धडे मराठीतही मोफत मिळतात, तेही ऐकवावेत. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर मुलास त्यांच्यापाशी पाठवून विचारू द्या की, दुधाला विरजण लागले हे हाताला कसे कळते, पाकाची एकतार केव्हा धरावी, पाऊस येणार हे कशावरून ओळखता. पट्ट्या ओल, उष्णता, उजेड मोजतील. कोणता आकडा म्हणजे काय, हे सांगणारा शब्द त्यांच्यापाशी नसतो. तो आपल्या घरात असतो.

मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हास आनंद झाला. शाळेत पेढे वाटले. पण त्या दिवशी भाषा जितकी मोठी वाटली, त्याहून ती अधिक कामाची वाटली ती आज्जांनी मूठ उघडली त्या सकाळी.

परसबागेत सध्या मेथी आहे. आज सकाळी पडद्यावर 'पाणी द्या' असे आले. मुले बादल्या घेऊन धावली. आज्जांच्या नातीने मात्र आधी वाफ्यात हात घातला, माती आवळली, गोळा खाली टाकला आणि मगच मान हलवली.